व्याह्यांचे सौर पॅनेल

निवृत्त विज्ञानशिक्षक गिरधर सरांनी आपल्या व्याह्यांच्या, म्हणजे उखर्डूनानांच्या सौरपंपाचे पॅनेल फोडले ते ज्ञानदान करता करता. पॅनेल सिलिकॉनचे आणि सिलिकॉन हे नाव लॅटिनमधल्या गारगोटीवरून पडले, एवढेच सांगायचे होते. पण प्रयोगाशिवाय शिकवणे सरांना जमत नाही. बांधावरच्या दोन गारगोट्या उचलून ठिणगी पाडायला गेले. एक हातातून सटकली आणि काचेवर बसली. पॅनेलभर कोळ्याचे जाळे, पंपाची धार करंगळीएवढी.

आणि रावेरकडचा मे! केळीला नुकते घड लागलेले. आज पाणी चुकले तर बाग मान टाकणार.

नाना चिडेचनात, आणि त्यानेच सरांचे डोके फिरले. हा माणूस रोज सकाळी बैल धुवावेत तशी पॅनेले ओल्या पोत्याने पुसतो. गेल्या पोळ्याला त्यांच्यावर गेरूचे ठिपकेसुद्धा काढले होते. ऊन अडते म्हणून ते खरवडताना सरांचे नख गेले. आणि आज शब्द नाही! नाना गेले, शेजारच्या शेतातल्या विहिरीवरून नळी ओढून आणली. जोड सैल निघाला, तो दाबून धरायला सरांना बसवले आणि स्वतः खोऱ्याने वाफे फोडत सुटले.

गप्प बसवेना म्हणून सर म्हणाले, "नाना, या पॅनेलातल्या सिलिकॉनला आधी धातू समजून सिलिशियम म्हणत. मग एकाने कार्बनसारखं शेपूट जोडून सिलिकॉन केलं."

"म्हंजे पाह्यल्याबिगर बारसं?"

"अहो, तेव्हा शुद्ध सिलिकॉन कोणाच्या हाती लागलाच नव्हता!"

"माह्यं तसं नाही. आधीचे दोन भाऊ गेले, म्हणून मायनं मले उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या बेबाबाईनं उचलून परत दिलं. म्हणून उखर्डू. सत्तर वर्षं झाली, यम फिरकला नाही."

"नाना, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे!"

"असंल बा."

'असंल बा'! व्याही नसते तर सरांनी त्यांना बाकावर उभे केले असते. जोडातून उडणाऱ्या पाण्याने धोतर, चष्मा, मिशा सगळे भिजले होते. शेवटची ओळ ओली होत आली तेव्हा त्यांना राहवेना.

"नाना, खरं सांगा. माझा राग आला नाही तुम्हाला?"

"आला. जोड सोडू नका."