बियाण्याचा दोडका

फरशी पुसलेल्या पाण्याची बादली मी मोठ्या ऐटीत शेजारच्या मावशींच्या वेलाला ओतायला गेलो आणि त्यांनी माझं मनगटच धरलं. वाकून वास घेतला.

"भाऊ, ह्यात फिनेल हाय. त्याला कीड न्हाई लागली, तान लागलीया."

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. त्या उन्हाळ्यात नगरला आमच्या भागातला नळ मनाला येईल तेव्हा यायचा आणि बोअर तर केव्हाच आटली होती. मावशी रिकामी कळशी घेऊन दारोदार फिरायच्या. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, पाहुण्यानं पेल्यात ठेवलेलं, कुठलंही पाणी चालायचं. "टाकू नगा, इकडं द्या." एकदा मी अंगणात चूळ भरत होतो आणि त्या कुंपणापलीकडून बघत होत्या. मी घाबरून गिळूनच टाकली.

भेंडी गेली, गवार गेली, टोमॅटो उभ्या उभ्या करपले. राहिला दोडक्याचा एक वेल आणि त्यावर एकच दोडका, देठाला चिंधी बांधलेला. चिंधी म्हणजे हा तोडायचा नाही, बियाण्यासाठी वेलावरच पिकू द्यायचा. ते बी पाथर्डीकडचं, त्यांच्या आईनं दिलेलं. आदल्या वर्षीचा बियाण्याचा दोडका पावसात सडला होता. उरलंसुरलं सगळं बी त्यांनी लावलं, त्यातलं एवढंच उगवलं.

"मावशी, दुकानात बियांचं पाकीट मिळतं की," मी शहाणपणा केला.

"मिळतंय की. आईबी मिळती का बगा तितं."

मे महिन्यात वेल दुपारी मान टाकायचा तो संध्याकाळीही उचलेना. मावशी स्वतःच्या वाट्याचं प्यायचं पाणी त्याला घालत होत्या. आम्हाला हे कळलं, ते त्या कुंपणाशी कोसळल्या तेव्हा. दवाखान्यात सलाईनच्या बाटलीकडं बघून म्हणाल्या, "येवढं पानी! एका म्हातारीला?"

तिथूनच लेक त्यांना श्रीरामपूरला घेऊन गेली. जाताना त्यांनी वेल माझ्या बायकोच्या स्वाधीन केला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि ते बरोबरच होतं.

आम्ही टँकरच्या पाण्यातला अर्धा हंडा रोज त्याला घातला. तरी वेल गेला. दोडका कोवळा असतानाच सुरकुतला. फोडून पाहिला तर आत पांढऱ्या, पापुद्र्यासारख्या बिया. चिमटीत धरल्या की चुरगळत होत्या.

काल मावशींचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

"भाऊ, हाय ना त्यो?"

"आहे की, मावशी. चांगला भरलाय."

"मग येते मी, पावसाच्या आदी. बी काढाया."

मी फोन ठेवला. बायको शेजारीच उभी होती. मग म्हणाली, "तुम्ही आता दुकानातलं पाकीट आणाल. पण बी तळहातावर घेतलं की मावशी ओळखतील. आणि तुम्हाला काही म्हणणार नाहीत."