डिफरन्शियल कोरडं आणि लेक ऑटोबानच्या वाटेवर

मैत्रिणींनो, आज आमच्या जर्मनीतल्या घरी काय झालं ते ऐका.

सकाळी आमच्या इंजिनिअर जावईबापूंनी पिकअपच्या डिफरन्शियलमधलं, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या डब्यातलं, जुनं तेल काढलं. मग कळलं, आणलेलं नवं तेल भलत्याच ग्रेडचं आहे. कुणाला काही न सांगता ते सायकलने दुकानात गेले.

तेवढ्यात लेक नातीला घेऊन पिकअपनेच कोलोनला निघाली. गराजमध्ये काळ्या तेलाचा ट्रे आणि शेजारी नव्या तेलाचा न उघडलेला डबा पाहिला आणि मी लेकीला फोन लावला. तेलाविना ऑटोबानवर, इथल्या सुसाट हायवेवर, मागची चाकं जाम झाली तर?

फोन नातीने उचलला.

"आईला म्हणावं, गाडी थांबव."

"ओमा, वारुम?" म्हणजे, आजी, का?

"वारुम नंतर. आधी थांबा."

ऑटोबानला लागण्याआधीच थांबल्या.

जावईबापू म्हणतात, "अहो आई, एवढ्याशा अंतरात काही होत नाही."

स्टिअरिंगवर एक चिठ्ठी चिकटवायला इंजिनिअरिंगची कितवी पदवी लागते हो?