समुद्राच्या तळाशी सुखदेवचे हात

नागभीडच्या स्टेशनात ब्रह्मपुरीकडच्या गाडीची वाट पाहत उभा होतो, तेव्हा सुखदेवच्या बायकोचा, वच्छलावहिनींचा फोन आला. “भाऊजी, हे गेले… चहा मांगतला, अन् मी कप घेऊन येस्तोवर बसल्या जागीच गेले.” मी त्यांच्याकडेच निघालो होतो. दोन दिवस राहायचं, मासे खायचे, असं सुखदेवनं आदल्याच दिवशी ठरवलं होतं. गाडी आली, मी चढलो, खिडकीशी बसलो… आणि धानाच्या बांध्या मागे पडत असताना मला रडू येण्याऐवजी त्याचं गदगदून हसणंच ऐकू येत राहिलं. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

सुखदेव भानारकर हा नौदलातला निवृत्त पाणबुड्या आणि माझा बालमित्र. आमचं गाव वैनगंगेच्या काठचं, नदीपलीकडे गडचिरोली जिल्हा. त्याचं घर मासेमारी करणाऱ्या धिवरांचं, आमचं शेतीचं. नदीला गढूळ पाणी आलं की आम्ही काठावर बसायचो आणि हा खडकाखालच्या कपारीत शिरायचा. आमचे श्वास कोंडायचे, तेव्हा कुठे तो दोन्ही हातांत मरळ मासा घेऊन वर यायचा. “तुले दिसते कसं रे?” मी एकदा विचारलं. “दिसत नाई मास्तर, डोळे मिटूनच जा लागते. उघडे ठेवले तं माणूस पाहाच्याच नादात राह्यते.” मी तेव्हा मास्तर नव्हतो, पण वर्गात पुढे बसायचो म्हणून त्यानं ते नाव पाडलं आणि नियतीनं ते खरं केलं.

बारावीनंतर तो नौदलात भरती झाला, तेव्हा गाव हसलं. जंगलातला पोरगा समुद्रात काय करणार! समुद्र त्यानं तोवर पाहिलाही नव्हता. त्याचं पहिलं पत्र चार ओळींचं होतं. त्यातली एक मला अजून पाठ आहे… ‘पाणी खारं हाय, बाकी खाली सारं आपल्यासारखंच हाय.’

पुढे अनेक वर्षांनी ते लढाऊ विमान पडलं. युद्ध नव्हतं, नेहमीचा सराव होता. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर विमान समुद्रात कोसळलं, वैमानिक त्याआधी हवाई छत्रीनं बाहेर पडला आणि वाचला. पण वाचला म्हणूनच त्याच्यावर बालंट आलं. विमान सावरता आलं असतं, हा घाबरून आधीच बाहेर पडला, अशी कुजबुज सुरू झाली. खरं काय ते एकाच ठिकाणी होतं, उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या डब्यात, आणि तो डबा खाडीच्या तोंडाशी चिखलात कुठेतरी रुतला होता. आठवडाभर पाणबुडे उतरत होते. विमानाचे तुकडे सापडले, डबा काही सापडेना. दिवा लावला की उधळलेला गाळच चमकायचा, समोरचा हातही दिसायचा नाही. वरून पावसाळा तोंडावर. दुसऱ्या दिवशी शोध थांबवायचा, असं ठरलं.

हे सगळं सुखदेवनं मला सुट्टीत सांगितलं, तेही मी उजव्या तळहातावरच्या लांब खुणेबद्दल खोदून खोदून विचारलं तेव्हा. “मी साहेबाले म्हटलं, मले एकडाव दिवा बंद करून जाऊ द्या. साहेब म्हणे, पागल झाला का? म्या म्हटलं, साहेब, आमची नदी अशीच हाय.” साहेबानं त्याच्याकडे पाहिलं आणि होकार दिला. तळाशी पोचल्यावर सुखदेवनं दिवा विझवला, डोळे मिटले, हातमोजा काढला आणि चिखलात कोपरापर्यंत हात घातला. फाटका पत्रा लागला, तारा लागल्या, पत्र्यानं तळहात चिरला. वर यायची वेळ होत आली होती. “मंग बोटाले एक गोल कोपरा लागला, मास्तर. मरळीच्या डोक्यावानी. मी मनात म्हटलं, आता कुठी जातं तू!”

डबा बोलला. दोष इंजिनाचा निघाला. वैमानिकानं विमान वस्तीपासून दूर समुद्राकडे वळवलं होतं आणि अगदी शेवटच्या क्षणी तो बाहेर पडला होता. बालंट गेलं, माणूस पुन्हा विमान उडवू लागला.

सुखदेव निवृत्त होऊन गावी आला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात ब्रह्मपुरीहून येणाऱ्या काळीपिवळी जीपमधून एक उंच गृहस्थ उतरले आणि भानारकरांचं घर विचारू लागले. मी तेव्हा सुखदेवच्या ओसरीवरच होतो. सुखदेव लुंगीवरच उठला, ताठ उभा राहून सलाम ठोकला. त्या माणसानं सलाम घेतला नाही, सरळ त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. “साहेब, मी तं फक्त डबा काढला,” सुखदेव पुटपुटला. ते म्हणाले, “उस डिब्बे में मेरी इज़्ज़त थी, भानारकर.” एव्हाना अंगणात अर्धं गाव जमलं होतं. एकेकाळी हसलेली म्हातारी माणसंही त्यात होती, आणि त्यांच्यातल्याच एकानं सगळ्यात आधी टाळी वाजवली. वहिनींनी त्या दिवशी आख्ख्या गावाला चहा पाजला.

तेरवीनंतर मी निघालो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “नदीकून चला.” काठावर सुखदेवचा मासेमारीचा डोंगा होता, त्यानं स्वतः दोरीनं बांधून ठेवलेला. तो गेल्यापासून कुणी दोरीला हात लावला नव्हता. मी लावला, पण त्यानं मारलेली नौदलातली गाठ मला काही सुटेना. “थांबा भाऊजी,” म्हणत त्यांनी एका झटक्यात ती सोडली. मी चमकून पाहिलं.

“यायनंच शिकवली. उद्यापासून जाळं टाकाले मीच जाऊन राह्यली. डोंगा असा वाळवाले थोडीच ठेवाचा हाय?”

डोंगा पाण्यावर जरा पुढेमागे करून त्यांनी पुन्हा काठाशी घेतला आणि दोरी बांधायला लागल्या. नजर पार पलीकडच्या काठावर होती… आणि त्यांची बोटं, जराही न चुकता, सुखदेवची गाठ मारत होती.