ओतून दिलेला पाऊस

"टाक थे पाणी. बाटलं थे," गुरुजी म्हणाले. मालगुजाराच्या पोरीनं मापातला पाऊस अंगणात फेकला. मी त्या काचेच्या मापाला हात लावला होता. बस, एवढंच.

तिरोड्याकडच्या आमच्या गावची शाळा. देश स्वतंत्र झालेला, मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, कायद्यानं गेलेली. पण जुन्या धन्याची पोर गुरुजींच्या खुर्चीजवळच बसायची. आम्ही महारवाड्यातली पोरं ओसरीच्या काठाला, पागोळ्या अंगावर घेत. भूगोलासाठी अंगणात पाऊस मोजायचं यंत्र बसवलं होतं. त्यात जमलेलं पाणी सकाळी मापात ओतायचं, आकडा वाचायचा, गुरुजी तो फळ्यावर लिहायचे. वाचायचं काम रोज तिचंच.

माझा जीव जळायचा. खोटं कशाला बोलू? तिच्या छत्रीचं मला काही नव्हतं, बांगड्यांचंही नाही. ती माप डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटायची आणि अख्खा वर्ग तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. ते मला पाहिजे होतं. समुद्राची वाफ कशी होते, ढग कसे बनतात, मी ओसरीतून घडाघडा सांगायची. शाबासकी तिला. मायसोबत धानाच्या रोवणीला वाकले तरी डोक्यात तीच. तापानं फणफणावी मेली, असं मनात यायचं.

त्या दिवशी माप खिडकीत ठेवून ती वेणी बांधत होती. मी उचललं. एक डोळा मिटला. आकडा वाचला.

"गुरुजी, हिनं माप शिवलं," मालगुजाराची पोर ओरडली.

पाणी फेकल्यावर गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, पाऊस शून्य. बाहेर धानाच्या बांध्या तुडुंब, माझा परकर पिळून निघेल इतका ओला. गुरुजींनी विचारलं, "काल पाऊस किती?" सगळी पोरं म्हणाली, शून्य. माझ्या वस्तीतलीही म्हणाली.

मग मला उभं केलं. "तू सांग."

"पडला, गुरुजी. मी वाचला आकडा."

"शून्य म्हण, नाही त नाव काटतो तुझं."

मी नाही म्हटलं. माझं दप्तर अंगणातल्या चिखलात आलं.

घरी माय कपाळाला हात लावून बसली. "म्हन ना वो बाई. एका शब्दानं का होते? कायले अडून राह्यली?" तिचं चुकत नव्हतं. शाळा सुटली की माझ्या हातात आयुष्यभर रोवायच्या पऱ्ह्याच्या जुड्याच येणार होत्या, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"त्या पोरीले सांगते का कोणी, शून्य म्हण म्हणून?" मी म्हटलं.

सकाळी मी शाळेत गेले. ओसरीत बसले नाही. सरळ यंत्राजवळ गेले, झाकण काढलं, पाणी मापात ओतलं. मालगुजाराची पोर हात पुढे करून उभी. मी दिलं नाही. गुरुजी छडी घेऊन येत होते, येऊ दिले. मी आकडा मोठ्यानं वाचला. फेका म्हटलं. उद्या परत हात लावीन. सबंध पावसाळाभर फळ्यावर शून्य लिहायचं असेल, तर लिहा.