गावाच्या ठरावात गांजा घालताना

“मॅडम, यादीत एकच शब्द वाढवायचाय,” सरपंच फोनवर म्हणाले. “धा मिनिटांचं काम हाय. तुमी फक्त नजर टाका.”

रूथ, नोएल, तुम्हा दोघांसाठी ही गोष्ट लिहून ठेवते. वकिली थांबवून मला बरीच वर्षं झाली, तरी मोफत कायदा सल्ल्याच्या शिबिरांना मी अजून जाते. त्या ओळखीतून सोनईच्या पलीकडच्या एका गावाचे कागद माझ्याकडे येतात. ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची बैठक. तिथे हात वर करून जे मंजूर होतं तो ठराव. या गावानं ठराव करून दारू, गुटखा आणि मटका बंद केला होता. मोडणाऱ्याचं नाव मारुतीच्या देवळाच्या भोंग्यावरून तीन दिवस सकाळी वाचायचं, ही शिक्षा. ती कायद्यात बसत नाही, हे मी पूर्वीच सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि भोंगा चालू ठेवला.

आता यादीत गांजा घालायचा होता. मागणी बायकांची होती. मुख्य ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा भरते. तिथे मंगल नावाच्या बाईनं हा विषय मांडला आणि सगळ्यांनी उचलून धरला.

सभेच्या सकाळी मी एसटीनं गेले. पंचायतीच्या ऑफिसात सरपंच, पोलीस पाटील आणि मंगल बसले होते. मी म्हटलं, गांजा केंद्राच्या कायद्यानं पंच्याऐंशी सालापासूनच बंद आहे. गावानं तो पुन्हा बंद करायची गरज नाही.

“कायदा दिल्लीत हाय, मॅडम,” सरपंच म्हणाले. “धूर आमच्या शाळेमागं निघतोय.”

मी मसुदा पुढे वाचला आणि शिक्षेच्या ओळीवर थांबले. दारूवाल्याचं नाव वाचलं की तो आठवडाभर तोंड लपवतो आणि प्रकरण तिथेच मिटतं. गांजाचं तसं नाही. नुसता ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जवळ थोडा सापडला तर वर्षापर्यंत. आणि देवळासमोरच पोलीस पाटलांचं घर. पोलीस पाटील हे पोलीस नसतात. गावातलेच, पण सरकारनं नेमलेले. गुन्हा कळला की ठाण्याला कळवायचं, हे त्यांचं काम. भोंग्यावर नाव ऐकलं तर काय कराल, असं मी त्यांना विचारलं.

“कळवावं लागंल,” ते म्हणाले. “न्हाई कळवलं तर पद जाईल. कळवलं तर गावात मला चहा कोण पाजंल?”

मंगल इतका वेळ मान हलवत होती. ती थांबली. दोघं पुरुष सतरंज्या बघायला बाहेर गेल्यावर तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली.

“वकीलबाई, पयलं नाव मी आमच्या मालकांचंच देणार हुते.”

तिचा नवरा दत्तू स्वतःचा टेम्पो चालवतो, लोकांचा कांदा मार्केटला नेतो. तीन वर्षांपासून ओढतो. महिन्यापूर्वी ऐन दुपारी सरळ रस्त्यावर टेम्पो कडेच्या पाण्याच्या चारीत घातला होता. लागलं कुणाला नाही. बोलून, रडून, माहेरी जाऊन झालं होतं. गावासमोर लाज वाटली तर सोडतील, एवढाच तिचा हिशोब होता.

“मला त्यांची सवय मोडायचीय,” ती म्हणाली. “त्यांना आत घालायचं न्हाई.”

मी पिशवीतून कायद्याचं पुस्तक काढलं. त्यात एक कलम आहे. ओढणारा किंवा थोडासा गांजा सापडलेला माणूस आपणहून सरकारमान्य दवाखान्यात उपचार घेऊन ते पूर्ण करेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अर्ध्यात सोडले तर संरक्षण जाऊ शकतं. सगळ्या वकिलीत मी हे कलम दोनदाच वापरलं, कारण वकिलाकडे लोक अटकेनंतर येतात आणि तेव्हा दवाखाना कुणाला सुचत नाही. मंगलनं मला ते पुन्हा वाचायला लावलं.

त्याच कागदाच्या पाठीमागे मी नवा मसुदा लिहिला. विकणाऱ्याची खबर थेट ठाण्यात. ओढणाऱ्याचं नाव भोंग्यावर नाही, पंचायतीच्या वहीतही नाही. त्याला गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलात घेऊन जातील.

सभेत सरपंचांनी तो वाचला. मागून एक जण म्हणाला, “मग धाक काय राह्यला? उद्या समदेच म्हणतील, आमी पेशंट हाय.” लोक हसले. सरपंचही डळमळले.

मंगल उभी राहिली. “भोंगा लावला तर नाव सांगायला मी येणार न्हाई. माझ्यासारख्या अजून हायेत, त्या बी येणार न्हाईत. मग वाचा काय वाचायचं ते.”

पोलीस पाटील एकदम मोबाईलमध्ये गढून गेले. सरपंचांनी मत विचारायच्या आधीच मागच्या रांगेतल्या एका म्हातारीनं हात वर केला. मग तिच्या शेजारणीनं. मग मोजायचं कारणच उरलं नाही.

दत्तू पहिल्या आठवड्यात गेला नाही. दुसऱ्या आठवड्यात स्वतःच्याच टेम्पोतून गेला, आशाताईंना केबिनमध्ये बसवून. मध्ये एकदा त्यानं तारीख चुकवली, तेव्हा मंगल त्याला घेऊन गेली. आता चौथा महिना चालू आहे. त्याच्यानंतर आणखी दोघं गेले. कोण ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

कुणी नियम तपासायला आणला की मी आता आधी विचारते, हा सगळ्यात पहिल्यांदा कुणाला लागू होणार? मसुदा त्यानंतर वाचते.