पाचशे केबीपर्यंत

अंबडला तहसीलच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि माझी जीभ. जिभेबद्दल लोकांची तक्रार असायची, कामाबद्दल नव्हती. फाइल लहान करण्यात तर माझा हातखंडा. साइट म्हणते फोटो पन्नास केबी, सही वीस केबी. लोक मोबाइलवर चार-चार एमबीचे फोटो काढून आणणार आणि वर मलाच विचारणार, "बराबर दिसून राह्यलं ना?" दिसतं बाबा, पण चढत नाही.

माझी युक्ती साधी होती. स्कॅन करतानाच रंग काढून टाकायचा. रंगीत कागद दोन एमबी भरला तर तोच काळा-पांढरा शंभर केबीच्या आत येतो. मग कुठल्या साइटची मर्यादा किती, हे वाचायचं कामच उरत नाही. दुसरी सवय मोबाइल नंबरची. फॉर्म उघडला की ओटीपी येतो, आणि घरातला फोन असतो नवऱ्याकडे नाहीतर भावाकडे, तोही शेतात. त्याला फोन लावा, तो चष्मा शोधणार, तोवर ओटीपीची मुदत संपणार. म्हणून मी सरळ माझाच नंबर टाकायचो. अशी आमच्या रस्त्यावर सगळ्याच दुकानांची रीत आहे.

मागच्या साली वडीगोद्रीकडची एक मुलगी आली. बारावी झालेली, सरकारी नर्सिंग कॉलेजचा फॉर्म भरायचा होता. एसटीने एकटीच आली होती. घरात फोन एकच, तो वडिलांकडे, आणि वडील मेंढरं घेऊन बाहेर. शाळेची टीसी पुढे करत म्हणाली, "काका, इथं जन्मतारीख चुकल्ती. सरांनी लाल शाईनं दुरुस्त केलीय. ती दिसली पाह्यजे."

"अगं पोरी, किती सालापासून हेच करून राह्यलो मी," मी म्हणालो. "मला शिकवू नको."

फाइल ब्याण्णव केबीची झाली. मी तिला मोठ्या तोऱ्यात आकडा दाखवला. कागद उघडून दाखवला नाही.

यादी लागली त्या दिवशी ती परत आली. यादीत नाव नव्हतं. मी तिचा फॉर्म उघडला. त्यात लिहिलं होतं की जन्मतारीख टीसीशी जुळत नाही, तीन दिवसांत दुरुस्ती करावी. ते तीन दिवस संपून गेले होते. मग मी ती ब्याण्णव केबीची फाइल उघडली. लाल शाई स्कॅनरने खाऊन टाकली होती. खोडल्याची रेघ नाही, नवी तारीख नाही, सरांची सही नाही. जुनी चुकलेली तारीख मात्र ठसठशीत. दुरुस्तीचा मेसेज माझ्याच फोनमध्ये पडला होता, गावभरच्या ओटीपींच्या ढिगाखाली. काखेत कळसा म्हणतात तो हाच. आणि साइटवर मर्यादा लिहिलेली होती, पाचशे केबी. थोडा लहान केला असता तर रंगासकट कागद बसला असता.

ती टेबलाच्या पलीकडे उभी होती. स्क्रीन माझ्याकडे होती.

"काय झालं, काका?"

"साइटचा प्रॉब्लेम," मी म्हणालो. आमच्या धंद्यात या वाक्यावर कुणी उलट विचारत नाही.

"मार्क तर बराबर होते," ती म्हणाली. "मंग आता पुढल्या साली." कागद एकेक करून पिशवीत घातले आणि गेली. मला लाज वाटली. उठून तिच्यामागे जावं एवढी नाही वाटली, हेही खरं. पुढचं गिऱ्हाईक खुर्चीत येऊन बसलं होतं.

यंदा ती परत आली. मला वाटलं होतं दुसरं दुकान बघेल, कमी आहेत का? म्हणाली, "तुमच्या कॉम्प्युटरात माझे सगळे कागद हायेत ना." वर्षभर काय केलं विचारलं, तर म्हणे, दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचला. बोटांवर ओरखडे होते.

कागद आधी स्कॅन करायचे आणि मग फॉर्म उघडायचा, ही माझी पद्धत. टीसी मी रंगीत स्कॅन करून लहान केली. चारशे सत्तर केबी. या वेळी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिच्या नावाच्या फोल्डरात मागच्या सालची फाइल होती आणि तिच्याशेजारी ही नवी. तिने दोन्ही उघडायला लावल्या. बराच वेळ एकीकडून दुसरीकडे बघत राहिली.

"मागल्या साली लाल आलंच न्हवतं?"

"न्हाई आलं," मी म्हणालो. "साइटचं काही न्हवतं. चूक माझी. दुरुस्तीचा मेसेजही माझ्याच फोनवर आल्ता. मी पाह्यला न्हाई."

मी फॉर्म उघडला. मोबाइल नंबरचा रकाना आला आणि सवयीने माझ्या नंबरचे तीन आकडे पडलेसुद्धा.

"ते खोडा," ती म्हणाली.

मी खोडले. तिने पिशवीतून स्वतःचा फोन काढून टेबलावर ठेवला आणि एकेक आकडा सांगितला. मी टाकला.

"आता वाचून दाखवा."

मी वाचून दाखवला.

"परत एकदा," ती म्हणाली. मी परत वाचला.