आप्पा थोपटत नाहीत

परभणीच्या क्रीडा संकुलात मोठ्या हॉलच्या मागे सामान ठेवायची खोली आहे. तिथे जुन्या मॅट एकावर एक रचून ठेवल्यात आणि त्या ढिगावर पद्मजा मगदूम कुशीवर आडवी झाली आहे. जेवणानंतरची दुपार, फायनलला अजून दीड तास. ज्युडोचा पांढरा ड्रेस अंगात तसाच, बाह्या उकाड्याने कोपराच्या वर सरकवलेल्या, बेल्ट दाराजवळच्या खिळ्याला अडकवलेला. कोपऱ्यातल्या कूलरमधलं पाणी कधीच संपलंय, तो नुसताच घरघरतोय. "डोळे मिटून पड, पण झोपू नकोस," असं इनामदार मॅडम बजावून गेल्यात. आता सकाळपासून तीन कुस्त्या मारलेल्या पोरीला हे सांगून काही उपयोग आहे का, तुम्हीच सांगा.

मॅडमचा जीव वेगळ्याच गोष्टीनं टांगणीला लागलाय. सत्तावन्न किलोत पद्मजाचा हात धरणारी पोरगी शोधून सापडायची नाही. ती समोरचीला उचलून आपटते. समोरची धडपडत पालथी झाली, की ही तिच्या पाठीवर सवारी घालते. दोन्ही टाचा कमरेत रुतवते, एक हात हनुवटीखालून गळ्याभोवती घालते, दुसरा डोक्यामागून आवळते. याला चोक म्हणतात. इथून सुटका नाही. खालचीने दोनदा थोपटायचं, मॅटवर नाहीतर वरचीच्या हातावर. म्हणजे हरले, सोड. झाली कुस्ती.

आणि नेमकं तिथेच पद्मजा सोडते. समोरचीने थोपटायच्या आधीच! खालचीच्या श्वासाला जरा खरखर आली, की हिचे हात आपोआप ढिले होतात. गेल्या वर्षभरात तीन वेळा असं झालंय आणि तिन्ही वेळा हातातोंडाशी आलेला घास गेलाय. आज नाशिकची ऐश्वर्या खैरनार समोर आहे. आज हरली तर राष्ट्रीय स्पर्धेचा संघ गेला, आणि पद्मजा आता सत्तावीस वर्षांची आहे.

"आज सोडणार नाहीस ना?" मॅडमनी जाता जाता विचारलं होतं.

"नाही मॅडम."

"मागच्या वेळी पण हेच म्हणाली होतीस."

पद्मजा डोळे मिटते. कूलरची घरघर हळूहळू लांब जाते. मॅटचा रबरी वास विरतो आणि तेल-ताक मुरलेल्या तांबड्या मातीचा वास येतो. हा वास इथे कुठून, असं तिच्या मनात येतं, पण विचारायचा कंटाळा येतो. ती डोळे किलकिले करते. खोलीचं दार उघडं आहे आणि दाराबाहेर तिच्या घरचं अंगण आहे. शेवग्याखाली गादी पसरलीय. गादीवर पाठमोरे आप्पा बसलेत, मांडीवर वाटी घेऊन भिजवलेले बदाम सोलतायत.

आप्पा म्हणजे बाळगोंडा मगदूम, तिचे वडील. एके काळी कृष्णाकाठच्या जत्रांत त्यांचं नाव पुकारलं की समोरचा पैलवान लंगोट पुन्हा एकदा तपासून घ्यायचा. दोन्ही कान तालमीत घासून घासून मोडलेले. उजवा तर नुसता गोळा, मधे एक खोल घडी. त्या कानात अत्तराचा फाया ठेवायला जागा नाही, ही त्यांची कायमची तक्रार.

"आलीस? बस, सोलू लाग," आप्पा मागे न बघता म्हणतात.

ती बसते. बदाम गार आहेत. "आप्पा, तुम्ही तर गेलात ना?"

"गेलो की. चौदा महिनं झालं. म्हणून काय बदाम सोलायचं सोडू?"

ती एक बदाम सोलते आणि वाटीत टाकते. किती दिवस हा आवाज ऐकला नाही, किती दिवस. घरातल्या फोनमध्ये त्यांचा एक व्हिडिओ आहे, पण त्यात ते बोलतच नाहीत, नुसते म्हशीकडे बघत उभे आहेत.

"ती तुझी चोक का फोक, अजून लावतीस का?"

"लावते. पण सोडून देते."

"ठावं हाय," आप्पा म्हणतात.

ठाऊक असणारच. सगळं या गादीवर तर सुरू झालं. पद्मजा शहरातून ज्युडो शिकून यायची आणि संध्याकाळी सराव आप्पांवर करायची. आणि आप्पा काय करायचे? खाली पडले रे पडले की गर्रकन पालथे व्हायचे. कुस्तीत पाठ मातीला लागली की माणूस हरला. हे त्यांच्या हाडात मुरलेलं. ज्युडोत पालथं होणं म्हणजे आपला गळा आपण होऊन दुसऱ्याच्या हातात देणं! तिने शंभरदा सांगितलं, "आप्पा, जरा वेळ उताणं पडलात तरी चालतं." ते म्हणायचे, "तुझ्यात चालत आसंल." आणि पुन्हा पालथे.

बरं, पालथे तर पालथे. गळा आवळला की थोपटावं ना माणसाने? ते नाव नाही. "पैलवान काय बाळ हाय व्हय, थोपटाथोपटी करायला?" सहा वर्षांत एकदाही त्यांनी थोपटलं नाही. मग कधी सोडायचं हे पद्मजाच ठरवायची. कान लावून त्यांचा श्वास ऐकायची, खरखर आली की सोडायची. तिच्या हातांना ती खोड तिथे लागली.

फक्त एकदा तिचा अंदाज चुकला. आप्पा अंगाखाली गप्पकन सैल पडले. ती अशी किंचाळली, की आई तांब्या घेऊन धावत आली. पाचेक सेकंदांत त्यांनी डोळे उघडले आणि हसले. "जरा डुलकी लागली," म्हणाले. त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांचं हृदय बंद पडायला लागलं. पद्मजाने तीन डॉक्टरांना विचारलं. तिघांनीही सांगितलं, की झडप कैक वर्षांपासून खराब होती, तुमच्या खेळाचा काडीचा संबंध नाही. तिघांनाही तिने मान डोलावून दाखवली.

ती पुढचा बदाम घ्यायला हात घालते, तर वाटी स्टीलच्या टेबलावर आहे. हा दवाखान्यातला वॉर्ड आहे. खाटेवर गादीच्या जागी तांबडी माती भरलीय, वर पांढरी चादर. आप्पा भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपलेत. कुणीतरी सिस्टर दुरून ओरडते, "आजोबा, उताणे व्हा बघू, नळी निघतेय!" आप्पा ऐकत नाहीत. खरोखरच्या दवाखान्यातही ऐकत नव्हते.

"आप्पा," ती खाटेच्या कडेला टेकते, "त्या दिवशी अंगणात तुम्हाला उताणं ठेवलं होतं. सगळे येऊन पाया पडत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, की यांना पालथं करा. पण लोक म्हणाले असते, पोरीचं डोकं फिरलं. मी काही बोलले नाही."

"बघत होतो."

"राग आला?"

"कशाचा राग? चौघांनी मिळून चीत केला मला. एकट्यादुकट्याचं काम न्हवतंच ते."

तिला हसू फुटतं. आप्पा भिंतीकडूनच विचारतात, "आनि दुसरं काय? तेवढ्यासाठी काय आली न्हाईस तू."

ती चादरीचं टोक मुठीत धरते.

"माझ्यामुळं का, आप्पा?"

खाटेला लोखंडी पाय नाहीत आता. ते दोघं तालमीच्या हौद्यात आहेत, घोट्यापर्यंत मऊ माती, वर कौलांतून उन्हाचा एक कवडसा. या तालमीत बायकांनी पाऊल टाकायचं नाही असा नियम होता. पद्मजाने ती आयुष्यभर फक्त खिडकीतून बघितली. आप्पा तिच्यासमोर पालथे आहेत आणि ती त्यांच्या पाठीवर आहे. कधी चढली, आठवत नाही. टाचा कमरेत, हात गळ्याभोवती. त्यांचा उजवा मोडका कान तिच्या दंडाला, कोपराच्या आत, रुतलाय. मानेला बदामाच्या तेलाचा वास येतो. ती गाल त्यांच्या डोक्याला टेकवते. केस तसेच, बारीक आणि टोचरे.

"मगदुमाचा गळा हाय ह्यो," आप्पा म्हणतात. "ह्यावर एक-एक पैलवान लोंबकळून गेलाय. तुझ्या एवढ्याशा हातानं काय व्हतंय?"

"खरं सांगा."

"खोटं कशाला बोलू? आता मला कुनाची भीती हाय?"

तिच्या छातीतून काहीतरी सुटतं. चौदा महिने ते तिथे अडकून बसलं होतं. ती रडते, आणि तिला लाज वाटत नाही.

"मग थोपटलं का नाहीत कधी?" ती रागाने विचारते. "सहा वर्षं! एकदा तरी थोपटायचं होतं. माझे हात बिघडवून ठेवलेत तुम्ही. मला कळतच नाही, कधी सोडायचं ते."

कवडशातली धूळ वर जाते.

"थोपटलं आसतं, तर सोडलं आसतंस," ते म्हणतात.

"मग? त्याच्यासाठीच असतं ते."

"पदे, तू सात-आठ वर्साची हुतीस तवर रानातनं आलो की पळत येऊन गळ्यात पडायचीस. मग मोठी झालीस. आपल्यात जानती पोर बापाच्या गळ्यात कवा पडती? लगीन झाल्यावर, सासरी जाताना एकदा. तू तर लगीनच केलं न्हाईस. मग ही तुझी ज्युडो आली, आनि रोज सांजच्याला..." ते थांबतात, घसा साफ करतात. "मला काय येड लागलंय, थोपटायला?"

पद्मजा आणखी जवळ सरकते. सहा वर्षं, रोज संध्याकाळी, ती मनातल्या मनात डाव मोजत होती. आणि हा माणूस!

"आता नीट लाव," आप्पा म्हणतात.

"नको."

"लाव म्हनतो न्हवं. आनि मी थोपटल्याबिगर सोडायचं न्हाई. खरखर ऐकू येऊ दे, न्हाईतर आनि काय. सोडायचं कवा ते खालचा सांगतो. वरच्यानं ठरवायचं न्हाई."

ती आवळते. हळूहळू, शिकवल्यासारखं, कोपर हनुवटीच्या रेषेत, छाती पाठीला घट्ट. श्वास ऐकू येतो. मग ती खरखर येते, तीच, ओळखीची. तिचे हात सैल व्हायला बघतात. ती ओठ चावते आणि धरून ठेवते. आणि मग तिच्या ध्यानात येतं, की यांनी थोपटलं तर सोडावं लागेल. सोडलं की हे जाणार. आयुष्यभर जे थोपटणं ऐकायला ती आसुसली, ते आता येऊ नये असं तिला वाटतं. आप्पा, नका थोपटू. एवढे दिवस नाही थोपटलंत, आजही नका.

तिच्या हातावर दोनदा थोपटलं जातं. अगदी हलकं, तान्ह्या बाळाला निजवताना थोपटतात तसं.

ती सोडत नाही.

"पदे, थोपटलं मी."

"ऐकलं."

"मग सोड की."

"थोडा वेळ, आप्पा. थोडाच."

"न्हाई बाळा. थोपटलं की सोडायचं. तुझ्याच खेळाचा नेम हाय."

तिला खूप जड जातं. एक-एक बोट उचलावं लागतं. शेवटचं बोट निघतं तेव्हा आप्पा कूस बदलतात आणि सावकाश उताणे होतात. पाठ पूर्ण मातीला लावून, हात पसरून, कवडशाकडे बघत पडून राहतात. तिने त्यांना असं कधी पाहिलं नाही.

"लई गार हाय गं माती," आप्पा नवलाने म्हणतात. "एवढी वर्सं कळलंच न्हाई."

"मगदूम! ए मगदूम!"

कूलर घरघरतोय. इनामदार मॅडम खांदा हलवतायत. "झोपू नकोस म्हटलं होतं ना? दहा मिनिटांत नाव पुकारतील. तोंड धू, हातपाय मोकळे कर." मग त्या वाकून बघतात. "हे काय झालं हाताला?"

पद्मजा उजवा हात उजेडात धरते. कोपराच्या आत, जरा वर, कातडीवर लालसर ठसा उमटलाय. गोल, फुगीर गोळ्यासारखा, आणि मधे एक खोल घडी. ती त्यावरून बोट फिरवते. ठसा अजून कोमट आहे.

"बेल्टच्या गाठीवर झोपलीस वाटतं," मॅडम म्हणतात.

बेल्ट दाराजवळच्या खिळ्याला आहे. तिने दुपारी अडकवला होता, तसाच. पद्मजा उठते, तो काढते आणि कमरेला बांधते. मॅडमना काही सांगत नाही.

"आज सोडणार नाहीस ना?" मॅडम दारातून विचारतात.

"तिने थोपटलं की सोडेन," पद्मजा म्हणते. "त्याच्या आधी नाही, आणि नंतर एक क्षणही नाही."

बाहेर भोंग्यावर तिचं नाव येतं, पद्मजा बाळगोंडा मगदूम. ती सरकवलेली बाही खाली ओढते, ठशाला धक्का लागणार नाही अशी, आणि मॅटकडे निघते.